दंडावरची टिकली

मुलीचा हात कपाटाचं दार ओढताना मोडला होता.

हर्षदा माळवदेनं तिला तीनदा विचारलं. कऱ्हाडच्या त्या रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात अठरा वर्षं काढल्यावर माणसं काय काय लपवतात हे तिला चांगलं ठाऊक झालं होतं. पडलीस का? कुणी ढकललं? घरात कुणी हात उगारला? नववीतली ती उंच, शेलाट्या अंगाची पोर दर वेळी मान हलवत होती.

"नाही हो मावशी. शाळेतलं कपाट गच्च बसतं. मी जोर लावून ओढलं आणि आत काहीतरी कट् झालं."

पडद्यावर चित्र उमटलं. हाडाची बाहेरची भिंत चांगली जाड, पांढरी दिसायला हवी. इथे टोक काढलेल्या पेन्सिलीनं ओढावी तशी बारीक रेघ होती. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्यांची अशी हाडं हर्षदानं पुष्कळ पाहिली होती. चौदा वर्षांच्या मुलीची नव्हती पाहिली. म्हणजे, अकरा दिवसांपूर्वीपर्यंत नव्हती. पहिल्या मुलीची जिन्याची शेवटची पायरी चुकली आणि पायाचं हाड गेलं. दुसरीची बरगडी शिंकताना मोडली. आणि आज ही.

प्लास्टर घालण्यासाठी मुलीची बाही वर सरकवली तेव्हा दंडावर ती निळसर, गोल चकती दिसली. आधीच्या दोघींच्या दंडावरही ती होती. त्यात नवल काही नव्हतं, जिल्ह्यातल्या निम्म्याअधिक शाळकरी मुलांच्या दंडावर ती होतीच. घाबरण्यासारखं तेच होतं.

त्या चकतीचं कंपनीनं ठेवलेलं नाव 'मितांगी'. पोरं तिला टिकली म्हणत. बुडाशी केसाहूनही बारीक शंभरेक सुया, टोचल्याचं कळतही नसे. टिकली दर काही मिनिटांनी अंगातला द्रव तपासायची, मूल किती जाड आहे याचा अंदाज घ्यायची आणि भुकेला आवर घालणारा रेणू तेवढ्याच मापात सोडायची. महिन्याला एक टिकली बदलली की झालं. डाएट नको, रडारड नको. बिस्किटं आणि मोबाइल यांच्यावर पोसलेली एक अख्खी पिढी चार वर्षांत सडपातळ झाली होती. शिवाय मुलं उंच होत होती, लांब पायांची दिसत होती. आईबाप खूश होते.

आणि त्या आईबापांना आधी पटवलं होतं हर्षदानं. चार वर्षांपूर्वी शाळेच्या सभागृहात कंपनीचे लोक आले, तेव्हा पालक बिचकत होते. हर्षदा उभी राहून म्हणाली होती, "मी दवाखान्यात आहे. दर सहा महिन्यांनी या मुलांची हाडं मी स्वतः तपासणार आहे. माझ्या शर्वीला मी आजच लावतेय." त्यानंतर सह्यांसाठी रांग लागली. तिची नणंद वृंदा त्या रांगेत पहिली होती.

हाडं तिनं खरंच तपासली होती. त्यासाठीचं यंत्र कंपनीनंच रुग्णालयाला दिलेलं. मूल पाच मिनिटं पालथं-उताणं झोपवायचं, यंत्र हाडांतला खनिजाचा साठा मोजायचं आणि पडद्यावर हिरवा, पिवळा नाहीतर लाल शेरा यायचा. सगळे हिरवे यायचे. हर्षदा खाली सही करायची.

त्या दुपारी मुलीचं प्लास्टर झाल्यावर ती यंत्रापाशी बसली. अहवालाला एक दुसरं पान असायचं, कच्च्या आकड्यांचं. ते उघडायची कधी गरजच पडली नव्हती. तिनं तिन्ही मुलींचं दुसरं पान उघडलं. मग आणखी चाळीस जणींचं. संध्याकाळचे पाच वाजले तेव्हा जवळजवळ सगळ्यांचेच आकडे वयाच्या मानानं फार कमी आहेत हे तिला कळलं होतं.

ती कागद घेऊन डॉ. नलिनी खटावकरांच्या खोलीत गेली. डॉक्टर अस्थितज्ज्ञ होत्या, निवृत्तीला आलेल्या, बोलायला तुटक. त्यांनी कागद चाळले आणि चष्मा काढून ठेवला.

"हिरवा शेरा कशाशी तुलना करून देतं तुझं यंत्र?"

"वयाशी... आणि अंगकाठीशी. तेवढीच चरबी, तेवढेच स्नायू असलेल्या मुलांशी."

"म्हणजे उपाशी मुलाची तुलना दुसऱ्या उपाशी मुलाशी," डॉक्टर म्हणाल्या. "मग शेरा हिरवाच येणार. बस इथे. तुला नीट सांगते, कारण उद्या तुलाही लोकांना सांगावं लागेल."

हर्षदा बसली.

"हाड म्हणजे दगड नव्हे. ते रोज मोडतं आणि रोज बांधलं जातं. लहानपणी बांधकाम जास्त. ते किती करायचं याचे हुकूम तीन ठिकाणांहून येतात. पहिला स्नायूंकडून. स्नायू ओढ देतो, हाड ती ओढ ओळखून घट्ट होतं. मुलाच्या अंगात मांस किती यावर त्याचं हाड सगळ्यात जास्त अवलंबून असतं. तुझी टिकली वजन उतरवते तेव्हा चरबीबरोबर मांसही उतरतं. दुसरा हुकूम चरबीकडून. आपण चरबीला नुसत्या शिव्या देतो. पण चरबी लेप्टिन नावाचं संप्रेरक सोडते आणि मेंदूला कळवते, की घरात साठा आहे, काळजी नको. ते थेट हाडावर काय करतं यावर आमच्यात अजून भांडणं आहेत. पण तो निरोप पोचला, तरच मेंदू मुलीला वयात यायची परवानगी देतो. मग बीजकोश जागे होतात आणि तिसरा हुकूम सुटतो, इस्ट्रोजनचा. मुलीचं हाड खरं भरतं ते त्या हुकमानं."

"आणि टिकलीनं चरबी कायम कमी ठेवली तर?"

"तर निरोप जातच नाही. मुलगी हसतेय, नाचतेय, शाळेत पहिली येतेय आणि तिच्या मेंदूला वाटतंय की दुष्काळ पडलाय. त्यानं सगळं रोखून धरलंय. उंची तेवढी वाढत राहते, कारण हाडांच्या टोकाशी ज्या वाढीच्या पट्ट्या असतात त्या बंद करायलाही इस्ट्रोजनच लागतं. लांब वाढणारी पोकळ हाडं." डॉक्टर थांबल्या. "माणसाच्या जन्मभराच्या हाडांचा चौथा हिस्सा वयात येतानाच्या दोन वर्षांत भरतो. तो काळ निघून गेला की पुढं कितीही दूध पाजा, बराचसा घाटा राहूनच जातो."

"मुलांचं... म्हणजे मुलग्यांचं?"

"त्यांचा हा काळ दीडदोन वर्षं उशिरा येतो. म्हणून ते अजून आपल्याकडे आलेले नाहीत. येतील."

हर्षदाला पुढचं ऐकू आलं नाही. तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वापाच. आज शर्वीचा दोरीच्या मल्लखांबाचा सराव होता.

तिनं स्कूटर कशी चालवली हे तिला नंतर आठवेना. व्यायामशाळेच्या पटांगणात शिरताच तिनं वर पाहिलं आणि ती थांबली. अठरा फुटांवर, लोंबत्या दोरीला एका पायाची मिठी घालून शर्वी उलटी लटकली होती. दोन्ही हात मोकळे. खाली तीन बोटं जाडीची गादी.

ओरडावं असं हर्षदाला वाटलं. पण ओरडली आणि पोर दचकली तर? तिनं स्वतःचं तोंड हातानं दाबून धरलं. दोरीला विळखा घातलेला तो पाय, मांडीचं ते लांब हाड, आणि त्या हाडाची पेन्सिलीसारखी रेघ तिला डोळ्यांसमोर लख्ख दिसत होती.

"आता सोड!" तिला शिकवणारे गुजर सर खालून म्हणाले.

शर्वीनं पकड सैल केली. ती डोकं खाली करून सरसर घसरत आली आणि गादीपासून वीतभर वर करकचून थांबली. त्या झटक्यासरशी हर्षदाच्या तोंडून विचित्र आवाज निघाला. काही मोडलं नव्हतं. शर्वी टुणकन उतरून धावत आली.

"आई! बघितलंस? सर म्हणतात जिल्ह्याला माझाच पहिला नंबर!"

तेरा वर्षांची, घामानं डवरलेली, आनंदानं लालबुंद झालेली पोर. तिला घट्ट मिठी मारायचीही हर्षदाला भीती वाटली. तिनं नुसते तिच्या खांद्यांवर हात ठेवले, अगदी हलके.

"चल घरी."

"अजून अर्धा तास आहे."

"शर्वी, चल म्हटलं ना."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, रुग्णालयात गर्दी व्हायच्या आत, तिनं लेकीला यंत्राखाली झोपवलं. शेरा आला, हिरवा. वयोगटात उत्तम. हर्षदानं दुसरं पान उघडलं. तेरा वर्षांच्या मुलीच्या हाडांत आठ वर्षांच्या मुलीइतकं खनिज होतं. मग तिनं पाठीचं बाजूनं चित्र घेतलं. मणके एकावर एक चौकोनी ठोकळ्यांसारखे असायला हवेत. खालचे दोन पुढच्या बाजूनं दबले होते.

"पाठ दुखते का गं तुझी?"

"थोडी थोडी. सगळ्यांचीच दुखते."

"किती दिवस?"

"दिवाळीपासून. पण सांगितलं असतं तर तू सराव बंद केला असतास."

आता फाल्गुन सुरू होता. चार महिने पोर मोडलेल्या मणक्यांनी दोरीवर चढत होती, आणि त्याच महिन्यांत कधीतरी हर्षदानं तिच्या हिरव्या अहवालावर सही केली होती.

घरी सुजितनं, तिच्या नवऱ्यानं, सगळं ऐकून घेतलं. त्याचं गाड्यांच्या बॅटऱ्या बदलण्याचं केंद्र होतं. कुठलाही बिघाड शांतपणे, एकेक जोड तपासत शोधायचा ही त्याची सवय.

"पुण्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू," तो म्हणाला. "कंपनीलाही विचारू. तोवर राहू दे टिकली. एकदम काढली आणि भलतंच काही झालं तर?"

"तोवर रोज जातोय, सुजित. हे दोन वर्षांचं काम असतं आणि तिचं एक वर्ष कधीच गेलंय."

दारात शर्वी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचा हात नकळत दंडावर गेला.

"मी काढणार नाही."

"बाळा, ऐक..."

"तुला आठवतंय चौथीत मला काय म्हणायचे? भोपळा! खो-खोत कुणी मला संघात घेत नव्हतं. रिक्षात माझ्या शेजारी बसायला भांडणं व्हायची. तुला वाटतं मी विसरले? ही काढली की मी परत तशी होणार. आणि तीन आठवड्यांवर स्पर्धा आहे!" ती खोलीत गेली आणि आतून कडी घातली.

सुजित दार ठोठवायला निघाला, पण हर्षदानं त्याला थांबवलं. तिनं पिशवीतून दोन चित्रं काढली आणि दाराखालच्या फटीतून आत सरकवली.

मग आतून प्रश्न आला, "हे एक माझं आहे. दुसरं कुणाचं?"

"तुझ्यापेक्षा वर्षानं मोठी आहे एक. कपाट उघडत होती."

हर्षदा दाराला पाठ टेकून जमिनीवर बसली होती. शेवटी कडी निघाली. शर्वीचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती पाऊल जपून टाकत होती, जणू फरशी काचेची होती. तिच्या तळहातावर टिकली होती. दंडावर जिथून ती सोलून काढली होती तिथे लालसर गोल उमटला होता.

"आता मी चालू का?" तिनं विचारलं. "की चालताना पण मोडेल?"

हर्षदानं तिचा हात धरला आणि तिला जपून खाटेवर बसवलं.

डॉ. खटावकरांनी त्याच दिवशी आरोग्य खात्यात वरपर्यंत कळवलं. त्यांना स्वतःलाच त्यातून फारशी आशा नव्हती. "समिती नेमतील, आकडे मागवतील. पाच-सहा महिने सहज जातील." कंपनीच्या प्रादेशिक अधिकाऱ्याचा फोन मात्र दोन तासांत आला, थेट हर्षदाला. अत्यंत गोड आवाज होता त्याचा.

"मॅडम, कच्चे आकडे गोपनीय असतात, तुम्ही जाणताच. आणि प्रत्येक अहवालावर सही तुमची आहे. तीन हजारांच्या वर सह्या आहेत. लोक पहिला प्रश्न कुणाला विचारतील?"

फोन ठेवल्यावर हर्षदा अंधाऱ्या क्ष-किरण खोलीत जाऊन उभी राहिली. तिच्या मनात पहिला विचार आला तो गप्प बसण्याचा. आपल्या मुलीची टिकली निघाली. बाकीचं समिती बघेल. सही करणारीनं यंत्रावर विश्वास ठेवला, त्यात गुन्हा काय? हा विचार तिनं चांगला पाचेक मिनिटं केला, आणि त्या पाच मिनिटांत तिला स्वतःचीच भीती वाटली. मग ती वृंदाच्या घरी निघाली.

वृंदाची ईशानी पंधरा वर्षांची होती. ओगलेवाडीला त्यांच्या घरात शिरलं की समोरच तिचा मोठा फोटो होता, कंपनीनं माहितीपत्रकासाठी काढलेला: पाच फूट आठ इंच उंचीची हसरी मुलगी आणि तिच्या दंडावरची निळी टिकली. त्या फोटोखाली बसून हर्षदानं बोलायला सुरुवात केली. वृंदा पोहे परतत होती. हळूहळू तिचा हात थांबला. कढईतून करपल्याचा वास यायला लागला तरी तिला भान नव्हतं.

"तिला अजून पाळी आलेली नाही ना?" हर्षदानं विचारलं.

"सडपातळ मुलींची उशिरा येते. तूच म्हणालीस, वहिनी."

"म्हणाले होते."

"चार वर्षं तू तिचे अहवाल बघत होतीस. दर सहा महिन्यांनी तू मला फोन करून सांगायचीस, वृंदा, एकदम छान आहे म्हणून."

"मी पहिलंच पान बघत होते गं."

वृंदानं गॅस बंद केला. ती ओरडली नाही. तिनं ओरडावं असं हर्षदाला फार वाटत होतं. "शर्वी तेराची आहे," वृंदा हळू आवाजात म्हणाली. "तिच्या हातात वेळ आहे. माझ्या ईशानीच्या हातात किती आहे?"

"ते तपासल्याशिवाय..."

"तुझ्या यंत्रावर?"

ईशानीची तपासणी झाली. तिचे आकडे हर्षदानं त्यानंतर कधीही मोठ्यानं उच्चारले नाहीत. टिकली निघाली, पण बाराव्या दिवशी दप्तर उचलायला वाकलेली ईशानी तशीच खाली बसली आणि तिला उठता येईना. पाठीचे तीन मणके एकदम दबले होते. छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा आणि तीन महिने अंथरूण. हर्षदा भेटायला गेली तेव्हा वृंदानं दार उघडलं आणि आत निघून गेली.

त्याच आठवड्यात हर्षदानं शाळेच्या मुख्याध्यापकांना गळ घालून पालकांची सभा बोलावली. सभागृह भरलं. पुढच्या रांगेत कंपनीचा तो गोड आवाजाचा माणूस एका वकिलाला घेऊन बसला होता. हर्षदा उभी राहिली.

"तुम्ही माझ्या शब्दावर सह्या केल्यात," ती म्हणाली. "तो शब्द चुकीचा होता. मी जे मोजते म्हणाले होते ते मी मोजलंच नाही. यंत्र हिरवं म्हणालं म्हणून मी हिरवं म्हटलं." मग डॉ. खटावकरांनी तिला सांगितलं होतं ते तिनं सांगितलं, स्नायूंचं, चरबीचं, मेंदूला वाटणाऱ्या दुष्काळाचं. सोपं करून, अडखळत. मधेच मागून एक गृहस्थ उठले.

"आणि टिकली काढल्यावर पोरगी परत शंभर किलोची झाली तर? साखर झाली तर? ते तुम्ही निस्तरणार का?"

"नाही," हर्षदा म्हणाली. "ती भीती खोटी नाही. जास्तीची चरबीही हाडांच्या भल्याची नसते. वजनासाठी दुसरं काहीतरी करावं लागेल, कष्टाचं. पण ते पुढं दहा वर्षांनीही करता येतं. हे येत नाही."

गलका सुरू झाला. कुणी म्हणालं, नोकरी सांभाळायला नाटक करतेय. कुणी विचारलं, एवढी खात्री आहे तर चार वर्षं झोपली होतीस का? वकील उठून काहीतरी कागद वाचायला लागला. हर्षदाला वाटलं, संपलं. उद्या ही सगळी मुलं टिकल्या लावूनच शाळेत येणार.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून वृंदा पुढे आली. तिच्या हातात गुंडाळी केलेलं मोठं चित्र होतं. तिनं ते खिडकीच्या काचेवर उन्हात दोन्ही हातांनी धरलं. ईशानीचा कणा. पाहणाऱ्या कुणालाही डॉक्टर असायची गरज नव्हती.

"माझी मुलगी दप्तर उचलत होती," वृंदा म्हणाली. "या बाईवर माझा राग आहे. मरेपर्यंत जाणार नाही. पण ती आज खोटं बोलत नाहीये."

मग एका बाईनं शेजारी बसलेल्या आपल्या मुलीची बाही वर केली.

शाळांमधली टिकलीची योजना थांबायला त्यानंतरही पाच महिने लागले. हर्षदाला चौकशीसाठी चार वेळा साताऱ्याला जावं लागलं, तिची सही करण्याची मुभा काढून घेण्यात आली आणि ती नुसती मदतनीस म्हणून काम करू लागली. घरात दुसरीच लढाई चालू होती. टिकली निघाल्यावर शर्वीची चार वर्षं दाबून धरलेली भूक उसळून आली. ती जेवून उठायची आणि तासाभरात कोरडी भाकरी उभ्याउभ्या खायची, आणि खाताखाता रडायची. तिचे गाल भरले, कपडे घट्ट झाले, आरसा तिनं टॉवेलनं झाकून टाकला. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी ती अंथरुणातून उठली नाही. हर्षदा दोन्ही बाजूंनी घाबरलेली असे. ती जास्त खाते म्हणून, आणि एखाद्या दिवशी कमी खाल्लं म्हणून. न्हाणीघरात बादली आपटली तरी ती धावत जायची.

डॉक्टरांनी व्यायाम ठरवून दिला होता. आधी नुसतं चालणं, मग टाचा उचलणं, मग पाटावरून जमिनीवर हलकी उडी, दिवसाला दहा, नंतर वीस. स्नायूनं ओढ दिल्याशिवाय हाडाला हुकूम मिळत नाही. शर्वी उडी मारायची तेव्हा हर्षदा स्वयंपाकघरात उभी राहून कान देऊन ऐकायची. धप्. धप्. प्रत्येक धप्नंतर पोरीचा श्वास ऐकू येईपर्यंत ती हलत नसे. सहा महिन्यांनी आकडा थोडासा वर सरकला. इतका थोडा, की ती यंत्राची चूकही असू शकेल, असं डॉ. खटावकर म्हणाल्या.

आठव्या महिन्यात, एका रविवारी सकाळी, न्हाणीघरातून शर्वीची हाक आली.

"आई! आई, लवकर ये!"

हर्षदाच्या हातातलं पातेलं पडलं. घसरली. मांडीचं हाड गेलं. ती धावली आणि दाराला खांदा लावला. दार उघडंच होतं. शर्वी सरळ उभी होती, दोन्ही पायांवर. चेहरा गोंधळलेला.

"आली," ती म्हणाली. "मला वाटतं, आली."

हर्षदा न्हाणीच्या ओल्या फरशीवर मटकन बसली. तिला हसू येत होतं की रडू, हे शर्वीला कळेना; हर्षदालाही कळत नव्हतं. मेंदूनं दुष्काळ संपल्याचं मान्य केलं होतं. हुकूम सुटला होता. आणि त्याच क्षणी तिच्या मनात दुसरा हिशेब सुरू झाला होता. आता वाढीच्या पट्ट्याही मिटायला लागतील. दोन वर्षं, फार तर तीन. तेवढ्यात जे भरेल ते भरेल.

"ईशानीताईला सांगू?" शर्वीनं विचारलं.

हर्षदा काही म्हणायच्या आत तिनं फोन लावलासुद्धा. गेले काही महिने दोघी बहिणी रोज बोलायच्या हे हर्षदाला त्या दिवशी कळलं. पलीकडे ईशानीचं ओरडणं, हसणं, अभिनंदन. मग आवाज खाली आला.

"मामी आहे का तिथे? दे."

हर्षदानं फोन घेतला. त्या सभेनंतर वृंदाच्या घरातून तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"मामी, खरं सांगशील? मी सोळाची झाले. माझी येईल?"

हर्षदानं भिंतीला डोकं टेकलं. ओगलेवाडीहून येणारा त्या मुलीचा श्वास तिला ऐकू येत होता. अजूनही पट्टा बांधलेल्या छातीचा, आखूड, जपून घेतलेला.

"येईल असं वाटतं," ती म्हणाली. "बऱ्याच जणींची येतेय. पण आल्यावर किती भरेल, हे मला माहीत नाही, ईशानी. कुणालाच माहीत नाही."



"बरं," ईशानी म्हणाली. "आई म्हणतेय, तपासणीला उद्या येतो आम्ही. यंत्रावर तू बस. आणि आकडा मला आधी सांग, आईला नंतर."